धारावी ते सोपारा : एका दिवसाची इतिहासयात्रा

आपल्या ज्ञातीत एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वसईच्या मोहिमेत आपल्या पूर्वजांनी आपल्या होड्यांतून मराठ्यांच्या तोफा खाडीपार नेल्या, अशी ती आख्यायिका होय. यंदाच्या स्मरणिकेत ती इतिहास म्हणून छापावी, असा काही वडीलधाऱ्या मंडळींचा आग्रह होता. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे पडले. तेव्हा प्रत्यक्ष स्थळे पाहूनच बोलावे असे ठरून, माघातील एका रविवारी आम्ही चार कुटुंबे दोन मोटारींतून भाईंदरहून निघालो. वादातील प्रमुख पक्षकार, आमचे तात्या, पुढच्या आसनावर होते.

प्रथम उत्तनजवळील चौक येथील धारावी किल्ला. (मुंबईच्या धारावीशी याचा संबंध नाही.) तटबंदीचे अवशेष थोडेच, परंतु तेथून खाडीचे मुख आणि पैलतीरावरील वसईचा कोट दृष्टीस पडतो आणि १७३९ साली मराठ्यांनी हे ठाणे का जिंकले, ते ग्रंथावाचून कळते. येथून समुद्रमार्गे वसईस येणारी कुमक अडविता येत होती. मुलांना हे समजावण्यास मला एक वाक्यही पुरले.

तेथून काशीमिऱ्यावरून घोडबंदर. हा पोर्तुगीज किल्ला १७३७ मध्येच मराठ्यांकडे आला होता. पुढे वरसोव्याचा पूल ओलांडून वसई गाठली. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली, तेव्हापासून सुमारे दोनशे वर्षे तेथे त्यांचा अंमल होता. चिमाजी आप्पांनी वेढा घातला, सुरुंगांनी तट फोडला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. शत्रूस शस्त्रांसह व कुटुंबांसह निघून जाण्याची मुभा दिली गेली, ही गोष्ट विजयाइतकीच सांगण्याजोगी आहे. ओस पडलेल्या चर्चच्या भिंतींवर आता वडपिंपळ उगवले आहेत. आप्पा पुढे दीड वर्षच जगले.

सोपाऱ्यास पोहोचेतो उन्हे उतरली. 'बुरूड राजाचा कोट' म्हणून लोक ज्या टेकाडास ओळखत, ते १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणून पाहिले. आत राजाचा कोट नव्हे, बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, भोवती आठ मूर्ती होत्या. लोकांची आठवण खोटी नव्हती. तेथे काही मोठे आहे एवढे तिला ठाऊक होते, नाव तेवढे चुकले होते.

परतताना मी तात्यांस हेच म्हणालो. खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात होड्यांवाचून मोहीम चालली नसती, हे उघड आहे. होड्या कोणाच्या तरी असणारच. त्या आपल्या होत्या, हे सांगणारा कागद मात्र अद्याप आमच्या हाती आलेला नाही. कोणाच्या घरी जुनी सनद वा मोडी दप्तर असल्यास मंडळाकडे दाखवावे, ही विनंती.

तात्या पूल येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "आख्यायिका म्हणून छाप, पण छाप." तशी ती वर छापली आहे.