उदगीरचे कावळे का मेले? वन्यजीवांच्या आजारांवरील संशोधनासाठी निधी असा मिळवतात

जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. पण विषाणू कावळ्यांपर्यंत आला कुठून? हे शोधायला संशोधन लागतं, आणि संशोधनाला पैसा.

निधी कोण देतं?
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर या केंद्राच्या संस्था. अर्ज सहसा विद्यापीठ किंवा कॉलेजमार्फत जातो. उदगीरमध्येच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

अर्जात काय हवं?
- नेमका प्रश्न: 'पक्ष्यांच्या आजारांचा अभ्यास' हे मोघम झालं. 'कावळ्यांमधला आणि जवळच्या कोंबड्यांमधला विषाणू एकच आहे का?' हा प्रश्न तपासता येतो.
- पद्धत: नमुने किती, कुठून घेणार, कोणत्या लॅबमध्ये तपासणार?
- बजेट: किट, प्रवास, मनुष्यबळ. प्रत्येक खर्चामागचं कारण लिहा.
- परवानगी: संरक्षित प्राणी पकडायचे असतील, तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 12 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

अर्ज कधी करायचा?
साथ येण्याआधी. मंजुरीला महिने लागतात. कावळे पडल्यावर अर्ज केला, तर पैसे हातात येईपर्यंत तपासायला नमुनेच उरत नाहीत.