फ्रिजच्या गॅसची कुळकथा

शिराळ्याच्या पेठेत फ्रिज दुरुस्तीला टाकला की मेकॅनिकचं निदान बऱ्याचदा एकच असतं : "गॅस गेलाय, भरायला लागंल." गेला म्हणजे कुठे गेला, असं सहसा कुणी विचारत नाही. नळीला बारीक चीर पडते, गॅस हवेत मिसळतो, मेकॅनिक चीर बुजवून नवा गॅस भरतो. जगभर कित्येक वर्षं हेच चाललं होतं. त्या गेलेल्या गॅसचा माग निघायला १९७४ साल उजाडलं, आणि तो निघाला थेट ओझोनच्या थरापर्यंत.

या कुळातलं जुनं आणि अजून कर्तं माणूस म्हणजे अमोनिया. त्याच्या आधी, १८३० च्या दशकात, मुंबईत बर्फ अमेरिकेहून जहाजाने यायचा. पुढे जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७६ च्या सुमारास अमोनियाच्या दाबावर चालणारं गारव्याचं यंत्र बसवलं आणि बर्फ कारखान्यात बनू लागला. बर्फाचे कारखाने, शीतगृहं, मोठ्या डेअऱ्या यांच्यात अमोनिया आजही टिकून आहे. तो विषारी खरा, पण प्रामाणिक. थोडा जरी गळला तरी नाकाडोळ्यांत झोंबतो आणि माणसं पळतात. ओझोनला त्याच्यापासून काहीही धोका नाही.

घरात मात्र असा गॅस कोण ठेवणार? १९२० च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या घरगुती फ्रिजांमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचा. रात्री गळती झाली की अख्खं कुटुंब दगावल्याच्या बातम्या येत. बर्लिनमधली अशीच एक बातमी वाचून आइन्स्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर बिनगळतीचा फ्रिज बनवण्याचा खटाटोप केला आणि त्याची पेटंटंही घेतली. उत्तर सापडलं ते दुसऱ्यालाच. जनरल मोटर्समधले थॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये क्लोरीन, फ्लोरिन आणि कार्बन यांचं एक संयुग निवडलं. ते पेटत नव्हतं, त्याला वास नव्हता, विषारीपणा नव्हता. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी त्याची वाफ छातीत भरून घेतली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. बाजारात त्याचं नाव झालं फ्रिऑन, मेकॅनिकच्या बोलीत 'आर-ट्वेल्व्ह'. पेट्रोलमध्ये शिसं घालणारेही हेच मिजली, म्हणून त्यांना खलनायक ठरवणं सोपं जातं. मला ते पटत नाही. त्यांच्यासमोर झोपेत मेलेली माणसं होती, आणि ती मरणं त्यांनी खरोखर थांबवली.

गोदरेजने १९५८ मध्ये मुंबईत फ्रिज बनवायला घेतले. मधल्या काळात हे कूळ चांगलंच पसरलं होतं. फ्रिजच्या भिंतींतला फोम, अत्तराचे फवारे, दमेकऱ्यांचे पंप, सगळीकडे क्लोरोफ्लुरोकार्बन. अपायाचा पुरावा कुणी शोधत नव्हतं, कारण हा वायू कशाशीच भांडत नव्हता. पावसात विरघळत नव्हता, मातीत मुरत नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स लव्हलॉक यांनी अटलांटिकवरच्या हवेत तो मोजला, तेव्हा दिसलं की सोडलेला जवळजवळ सगळा गॅस हवेत तसाच साठून आहे. मग शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी पुढचा प्रश्न विचारला : शेवटी याचं होतं काय? फ्रिऑन-१२ हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. हळूहळू वर चढत तो पंधरा-वीस किलोमीटरच्याही पलीकडे जातो. तिथे सूर्याची प्रखर अतिनील किरणं त्याला फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनचा रेणू मोडतो, पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्याकडे वळतो. असा एक अणू हजारो, कधी लाखभर रेणू संपवतो. खाली जो सद्गुण होता, तोच वर घातक ठरला.

अतिनील किरणं अडवणारा हा संपूर्ण आकाशातला ओझोन गोळा करून जमिनीच्या पातळीवर आणला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात, म्हणजे शिराळ्याच्या डोक्यावरही, तो मुळातच त्याहून थोडा पातळ असतो. हे मोजण्याचं आपलं ठाणं पुणे. हवामान खात्यात तिथे काम करणाऱ्या अॅना मणी यांनी १९६० च्या दशकात देशी ओझोनसाँड घडवला. फुग्याला बांधून तो वर सोडायचा आणि कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे ते रेडिओने खाली कळवायचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला दाखवलं ते मे १९८५ मध्ये. तिथल्या वसंतात जवळजवळ तिसरा हिस्सा ओझोन गायब होता. कडाक्याच्या थंडीत उंचावर बनणाऱ्या ढगांच्या बर्फकणांवर क्लोरीन मोकळं होतं, म्हणून घाव तिथे सर्वांत खोल. असं छिद्र आपल्या आकाशात कधी पडलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडचा मोतीबिंदू या छिद्राच्या माथी मारणं चूक आहे.

पण थर विरळ झाला तर काय होतं, हे इतरत्र दिसलं. दक्षिण महासागरातल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ छिद्राखाली मंदावली, आणि तिथले क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव मासे-देवमाशांचं पोट भरतात ते या वनस्पतींवर जगून. अमेरिकेतल्या प्रयोगांत जादा अतिनील किरणांखाली सोयाबीनच्या काही वाणांचं उत्पन्न घटलं. ओरेगॉनच्या डोंगरांत बेडकांची अंडी किरणांपासून झाकली तेव्हा जास्त पिल्लं जगली. शिराळ्याला हे परकं वाटू नये. इथल्या शिवारात सोयाबीन आहे, आणि नागपंचमीला ज्याला पूजतो तो नाग बेडकांवरही जगतो. माणसांत गोऱ्या कातडीला त्वचेच्या कर्करोगाचा धोका अधिक. डोळ्यांच्या भिंगाला मात्र रंग वाचवत नाही, आणि आपली शेतकरी माणसं दिवसभर उघड्या डोळ्यांनी उन्हात असतात.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन आटोक्यात आणण्याचा करार झाला. भारताने लगेच सही केली नाही, आणि ते योग्य होतं. गॅस ज्यांनी भरमसाट सोडला त्यांनीच पर्यायांचा खर्च उचलावा, अशी आपली मागणी होती. १९९० मध्ये लंडनला निधी ठरला आणि १९९२ मध्ये आपण आत आलो. दम्याच्या पंपांपुरती सूट ठेवून १ ऑगस्ट २००८ पासून देशात या वायूंचं उत्पादन थांबलं.

मधल्या वाटेवर कुळात काही सावत्र भाऊ आले. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. गोदरेजने २००० नंतर फ्रिजमध्ये आयसोब्युटेन आणला आणि २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले. त्यांचा कारखाना आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, शिरवळला आहे. प्रोपेन आणि ब्युटेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरातलाच गॅस. फ्रिजमध्ये तो पन्नास-साठ ग्रॅम पुरतो. पेटतो म्हणून एकेकाळी मागे पडला होता, आता नेमकं मोजून आणि ठिणगीपासून दूर ठेवून परत घेतला आहे.

यातला एक भाऊ अजून कामावर आहे : आर-२२. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतल्या अनेक जुन्या बल्क कूलरमध्ये तोच असतो, जुन्या एसीतही. तो आर-१२ इतका घातक नाही, पण क्लोरीन त्यातही आहे, आणि भारताने त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा ठरवला आहे. तोवर दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस हवेत सोडून देण्याऐवजी रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेता येतो. हे यंत्र तालुक्याच्या मेकॅनिकला परवडेल असं मिळायला हवं, आणि दूध संघांनी ते एकत्र घेऊन ठेवलं तर एका यंत्रावर बरीच केंद्रं सांभाळली जातील. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार माँट्रियल कराराचे नियम पाळले गेले, तर आपल्यासारख्या भागांत ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. अंटार्क्टिकाला त्यासाठी २०६६ पर्यंत थांबावं लागेल.