अंबडच्या मुलखातील शंकरपट

जालन्याच्या दक्षिणेस मत्स्याकृती टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या अंबड कसब्याचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा मत्स्योदरी देवीच्या देवळापासून, किंवा अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेल्या मंदिरांपासून व बारवांपासून आरंभ करील, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या जनावराच्या खांद्यावरून या मुलखाचा धान्यरूप सारा, कापूस, लष्करी सरंजाम आणि लग्नाची वऱ्हाडे ही सर्व शतकानुशतके वाहिली गेली, त्या बैलाच्या चालीचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. या चालीची सार्वजनिक परीक्षा मराठवाड्यात व वऱ्हाडात ज्या मैदानावर घेतली जाई, आणि मध्यंतरीच्या मनाईनंतर आज पुन्हा घेतली जाते, त्याचे नाव शंकरपट. ज्या शेतकऱ्याने आपली स्वतःची जोडी आयुष्यात प्रथमच त्या पटावर आणली आहे, त्याच्या दृष्टीने ही प्रथा पाहिली असता तिचे मर्म जितके उकलते तितके ते अजिंक्य जोड्यांच्या कीर्तनाने उकलत नाही, असे मला वाटते.

अंबड तालुक्याची दक्षिण हद्द गोदावरी आहे. शहागडावरून नदी ओलांडली की पलीकडच्या मुलखात राक्षसभुवन लागते, जेथे 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1803 च्या भाद्रपद-आश्विनात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज याच गोदाकाठाने फिरत होती. 21 सप्टेंबर रोजी बदनापुरास त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली आणि दोनच दिवसांनी केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ शिंद्यांच्या फौजेशी असईची लढाई झाली. शाळेच्या पुस्तकांत या लढाईच्या तोफांची व पलटणींची वर्णने येतात. तोफा ओढणारे बैल मात्र क्वचितच येतात, आणि वस्तुतः असईच्या गावासमोर इंग्रजांच्या तोफा जागच्या जागी खिळून पडल्या त्याचे एक मोठे कारण त्यांना जुंपलेले बैल शिंद्यांच्या गोलंदाजांनी मारून टाकले हे होते. स्वतः वेलस्लीला ही गोष्ट लढाईपूर्वीच पुरती उमगलेली होती. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या चपळ बैलांवर, म्हणजे हैदर व टिपू यांनी जोपासलेल्या त्या कळपांवर, त्याची मोठी भिस्त असे, आणि चांगली जनावरे, चांगले हाकणारे व त्यांची नीट निगा यांवाचून जलद हालचाल अशक्य आहे हा विषय त्याच्या पत्रव्यवहारात पुनःपुन्हा येतो. सारांश, बैल किती वेगाने धावतो हा प्रश्न ज्या काळी राज्यांच्या भवितव्याचा होता, त्या काळाचे हे रंगस्थान आहे.

होळकरांकडे असलेला हा परगणा 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर त्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाच्या राज्यात सामील झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी लोखंडी सडक जालन्यास आली, तरी अंबड तिच्या वाटेवर नव्हते. त्यामुळे गोदाकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस व ज्वारी जालन्याच्या पेठेत व तेथील कापसाच्या कारखान्यांत पोहोचविण्याचे काम बैलगाडीकडेच राहिले. पावसाळ्यात या काळ्या मातीत गाडीची धाव रुतून बसे आणि बैल फेस गाळीत उभे राहत. वाहतुकीचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा, आणि त्याच सुमारास रस्ते सुकू लागले, सुगी खळ्यावर आली, की पटाचे वारे वाहू लागे. गाडी ही गावच्या सुताराची व लोहाराची निर्मिती. कणा, आरे, साटी, जू व शिवळा ही लाकडे सुताराने तासावीत, धाव लोहाराने तापवून चाकावर चढवावी, आणि दोघांनी आपापले बलुते खळ्यावरून न्यावे. पण गाडी कुळाची असली तरी तिच्यावरची सत्ता सर्वस्वी कुळाची नसे. दौऱ्यावर निघालेल्या अंमलदाराचे तंबू, पेट्या व भांडीकुंडी वाहण्यासाठी गावच्या गाड्या वेठीस धरल्या जात, आणि पेरणीचे दिवस आहेत की मळणीचे याची विचारपूस हुकूम घेऊन येणारा शिपाई करीत नसे. निजामी अमदानीतील शेतकऱ्याला स्वतःच्या बैलांवर निर्विवाद मालकी गाजविता येईल असे वर्षातील दिवस थोडेच. त्यांपैकी एक पोळ्याचा, आणि दुसरा, माझ्या समजुतीने, पटाचा. हे अनुमान आहे, कोणत्या फर्मानाचा आधार मी त्यासाठी देऊ शकत नाही. परंतु ज्याच्या जनावरावर वर्षभर दुसऱ्याचा हक्क चालतो तो मनुष्य एका दिवसाच्या शर्यतीसाठी एवढा जीव का टाकतो, याचा उलगडा मला तरी अन्य रीतीने होत नाही.

पट म्हणजे माळावर वा कापणी झालेल्या वावरात आखलेल्या दोन समांतर चाकोऱ्या. दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात आणि ज्या जोडीला अंतर कापावयास कमी सेकंद लागतात ती जिंकते. धावण्यासाठी जुंपावयाची छकडी अतिशय हलकी असते. तिच्यावर सामान चढत नाही, बसावयास धड जागाही नसते, आणि ती हाकणाऱ्या धुरकऱ्याने आपले शरीर कोठे व कसे रोवावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. नव्याने पटावर येणाऱ्याची जोडी बहुधा नांगराची असते. लाल कंधारी किंवा देवणी ही या भागातील बैलांची घराणी. वेगासाठी नावाजलेला खिल्लार हा माणदेशाकडचा, आणि तो विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे दात पाहून, खांदा चाचपून, रुमालाखाली बोटांनी भाव ठरवून आणलेली जोडी कर्जाचे हप्ते फेडीत शेतात राबू लागली, तिने दोन पावसाळे काढले, की तिच्या धन्याच्या मनात एखाद्या संध्याकाळी पटाची गोष्ट शिरते. बाजारातून परतताना रिकाम्या गाडीने शेजाऱ्याच्या गाडीला सहज मागे टाकलेले असते, आणि एवढा पुरावा मनुष्यस्वभावाला पुरेसा होतो.

मग त्या दिवसाची तयारी चालते. आठवडाभर अगोदर औताचे काम थांबते, कडब्याच्या जोडीला सरकी व हरभऱ्याची चुणी येते, खांदे लोण्या-हळदीने चोळले जातात. शर्यतीच्या सकाळी भरपोट वैरण घालू नये, हे जाणत्यांनी बजावलेले असूनही घरातील म्हातारी बैल उपाशी चालले म्हणून एक पेंढी पुढे सारतेच. मैदानावर आल्यावर प्रथम लक्षात येते ती ही गोष्ट, की जे बैल धन्याच्या नुसत्या हाकेवर शेतात वळतात त्यांना हलग्यांच्या कडकडाटात ती हाक ऐकूच जात नाही. आरंभरेषेवर दोघे-चौघे वेसणीला धरून जोडी थोपवून ठेवतात, निशाण पडते, धरणारे बाजूला उडी घेतात, आणि त्या क्षणी नवशिक्या धुरकरी जी चूक करतो ती बहुतेक सर्व नवशिके करतात: भीतीने तो कासरा आवळतो. उजव्या बैलाला ओढ अधिक बसली तर जोडी उजवीकडे, डाव्याला बसली तर डावीकडे झुकते, छकडी आपली चाकोरी सोडते, आणि सेकंद मोजणाऱ्यांचे काम संपुष्टात येते. ज्याने कासरा सैल सोडण्याचे धैर्य पहिल्याच पाळीत दाखविले त्याच्यापुढे दुसरे संकट उभे राहते, ते थांबण्याचे. बैल धावावयास शिकवावे लागत नाहीत. अंत्यरेषेपलीकडे, जेथे गर्दी दोन्ही अंगांनी आत सरकलेली असते तेथे, बेभान जोडी कोणालाही न तुडविता थोपविणे हीच पटाची खरी विद्या होय, आणि नेमकी तीच घरच्या वावरात शिकता येत नाही. मोटारींच्या शर्यतीचे मैदान पाहिलेल्यांना हे परिचयाचे वाटेल. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील पट्ट्यावर, किंवा त्यापूर्वी सोलावरमच्या जुन्या विमानतळावर, आपली नित्याची मोटार घेऊन उतरणाऱ्या हौशी मनुष्यालाही वेगापेक्षा वेळेवर गती आवरण्याचीच पंचाईत अधिक पडते. त्याच्या शेजारी निदान शिकविणारा बसू शकतो. छकडीवर दुसऱ्या माणसाला जागाच नाही.

आपल्याकडे रथाच्या स्पर्धेची परंपरा वेदकाळापर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि येथे तो सर्वथा अस्थानी नाही. वाजपेय यज्ञात रथांची धाव असे. सतरा रथ, सतरा दुंदुभी, सतरा बाणांच्या टप्प्याइतके अंतर, सर्व काही यथासांग. मात्र जिंकावयाचे कोणी हे आधीच ठरलेले असे, कारण यजमानाचा रथ पुढे गेलाच पाहिजे असा विधी होता. राजांच्या शर्यतीत आणि कुळवाड्यांच्या शर्यतीत एवढा फरक असावयाचाच. त्या मानाने ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील मुद्गलाची कथा पटाच्या अधिक जवळची आहे. सूक्त दुर्बोध, आणि त्याच्या अर्थाविषयी पंडितांत मतभेद विपुल. तथापि त्यातून एवढे निष्पन्न होते, की मुद्गल ऋषीच्या गाडीला एक बैल व त्याच्या जोडीला एक लाकडी घण अशी विलक्षण जोडी होती, सारथ्य त्याची स्त्री मुद्गलानी हिने केले, आणि तिने सहस्र गाई जिंकून आणल्या. अंबडापासून गोदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले असता परभणी जिल्ह्यात मुद्गल नावाचे गाव व मुद्गलेश्वराचे देऊळ लागते. त्याचा या सूक्ताशी संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध शंकरपटात स्त्रिया स्वतः जोड्या हाकतात, ही गोष्ट नवलाची म्हणून सांगणाऱ्यांनी मुद्गलानीचे स्मरण ठेवण्यास हरकत नाही.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत घोड्याचा मालक सज्जात बसतो, स्वार पगारी असतो, आणि पैसे लावणाऱ्याचा घोड्याशी वा स्वाराशी काहीच संबंध नसतो. पटाचे जुने स्वरूप याहून मुळातच निराळे होते. ज्याने जोडी विकत घेतली, चारली, औताला जुंपली, तोच ती पटावर हाकी. हरला तर त्याच बैलांना घेऊन तो दुसऱ्या दिवशी शेतावर जाई. म्हणून पटावरील कीर्तीचा मोबदला बक्षिसाच्या पागोट्याहून किंवा कांस्याच्या भांड्याहून जास्त नसला तरी तो पुरे.

या प्रथेची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे डोळेझाक केल्यामुळेच पुढचे न्यायालयीन प्रकरण उद्भवले. पराणीच्या टोकाला खिळे लावणे, शेपटी पिरगाळणे व चावणे, बैलांना मादक पदार्थ पाजणे, हे प्रकार पटावर होत, आणि ते नवशिके करीत नसत; ते मोठ्या बक्षिसांमागे लागलेले मुरलेले लोक करीत. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळासाठी उपयोगात आणण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाच्या नव्या पट्ट्यावर भारतातील पहिली फॉर्म्युला वन ग्राँ प्री मोटारशर्यत झाली. एका वेगाला देशाने दार उघडले आणि दुसऱ्याला लावले, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवून ठेवण्याजोगा आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम केली. महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट काढली; तिला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अडविले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडूचा जल्लिकट्टू, कर्नाटकाचा कंबळा व महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यती या तिन्हींसंबंधीचे राज्यांचे कायदे वैध ठरविले. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक, धावेचे अंतर एक हजार मीटरांपेक्षा अधिक नसावे, आणि जनावरास क्लेश दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असा बंदोबस्त आहे. हा बंदोबस्त मला योग्य वाटतो, आणि त्याची अंमलबजावणी निशाण पडण्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे, एवढीच त्याला पुस्ती जोडावीशी वाटते.

परंतु कायद्याने जे परत दिले ते जसेच्या तसे परत आले नाही. अंबड तालुका 1981 च्या 1 मे रोजी औरंगाबादेतून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. त्याच्या शिवारात आज मोसंबीच्या बागा व ऊस आहे, आणि नांगरट ट्रॅक्टर करतो. औताचा बैल दाव्यावरून गेला, आणि त्याच्या जागी ज्याने कधी नांगर ओढला नाही असा, केवळ पटासाठी पोसलेला बैल आला. त्याची किंमत लाखांत बोलली जाते, त्याला हाकणारा धुरकरी अनेकदा भाड्याने आणलेला असतो, आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल वा ट्रॅक्टर उभा केलेला असतो. अशा मैदानावर स्वतःच्या घरची जोडी घेऊन प्रथमच येणाऱ्या तरुणाला कोणत्या पाळीत घालावे हे कोणालाच सुचत नाही. पहिल्या पाळीतच त्याची गाठ नामांकित जोडीशी पडते आणि तो पुन्हा येत नाही.

सातारा-सांगलीकडील शर्यतींत दुधाचे दात न पडलेल्या खोंडांसाठी 'आदत' हा स्वतंत्र गट राखलेला असतो, त्यांना जुळलेल्या, म्हणजे सर्व दात आलेल्या, बैलांशी झुंजावे लागत नाही. बैलांच्या बाबतीत दाखविलेला हा विवेक माणसांच्या बाबतीतही दाखविता येईल. जालना, परभणी व बुलढाणा या जिल्ह्यांत जी मंडळी पट भरवितात त्यांना माझी विनंती आहे, की दिवसाची पहिली पाळी त्यांनी अशांसाठी राखून ठेवावी ज्यांची जोडी स्वतःची आहे, जे ती स्वतः हाकणार आहेत, आणि जे पटावर पूर्वी कधी उतरलेले नाहीत. तिला बक्षीस पागोट्याचेच असावे.