हादग्याच्या फेरातल्या मुली

सप्टेंबरच्या 26-27 तारखेला सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि कराडकडच्या शेतकऱ्याचे कान आभाळाकडे लागतात. हस्ताचा पाऊस गडगडाट करत येतो. दुपारपर्यंत कडक ऊन, मग एकाएकी काळोख, तासभर धो धो आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख. हत्ती सोंडेनं पाणी उडवतो, असं आम्हां पोरांना सांगत. खरिपाची काढणी तोंडावर असते आणि रब्बीच्या ज्वारीला जमिनीत ओल हवी असते, म्हणून या पावसाचं स्वागतही होतं आणि धास्तीही असते. हस्त लागायचा त्याच दिवशी आमच्या सोमवार पेठेत घरोघरी हादगा बसायचा. 1960 च्या दशकातली ही गोष्ट. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले आणि मुलींना फेर धरायला शिकवता शिकवता, आपण लहानपणी नेमकं काय गात होतो, हा प्रश्न माझ्या मागे लागला.

हादगा बसवायचा म्हणजे बाजारातून समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचं छापील चित्र आणायचं आणि सोप्याच्या भिंतीवर चिकटवायचं. भोवती त्या दिवसांत जे पिकतं त्याची माळ घालायची: छोटे दोडके, काकड्या, पेरू, चिंचेचे कोवळे आकडे, एखादं सीताफळ. फुलांची माळ रोज नवी. झेंडू, शेवंती, तेरडा, जे मिळेल ते ओवायचं काम लहानांचं. सुई बोटात घुसायची, माळ वाकडीतिकडी व्हायची, पण ती हत्तीला घातलीच जायची. संध्याकाळी अंगणात पाट मांडायचा, त्यावर तांदळानं किंवा रांगोळीनं हत्ती काढायचा, हळदकुंकू वाहायचं आणि हात धरून त्याच्याभोवती फिरत गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा. मग कृष्णेच्या घाटावर जाऊन बोळवण.

आईचं माहेर चाळीसगाव. तिच्याकडे हादगा नव्हता, गुलाबाई होती. खानदेशात गुलाबाई आणि विदर्भात भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत महिनाभर राहते. तिथे हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मातीच्या रंगीत मूर्ती असतात आणि गाण्यांचा ताल टिपऱ्यांवर धरतात. विदर्भात कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर करून त्यात भुलाबाई ठेवतात. पुण्याकडे याच खेळाला भोंडला म्हणतात आणि तो घटस्थापनेला सुरू होतो. आई कराडला सून म्हणून आली तेव्हा आमच्या अंगणात तिची खानदेशी गाणीही शिरली. चाली वेगळ्या होत्या, पण गाण्यांत तेच लोक होते: सासू, सासरा, जाऊ, नणंद, दीर आणि कुठेतरी लांब माहेर.

गाण्यांपेक्षा आम्हा लहानांचा जीव खिरापतीत. जुनी खिरापत म्हणजे किसलेलं सुकं खोबरं, साखर, खसखस. पुढे तिच्यात काहीही आलं. ज्या घरी फेर, त्या घरची खिरापत, आणि ती झाकलेल्या डब्यात. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, तिखट की गोड विचारायचं, भाजलेलं की तळलेलं विचारायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. म्हणून मोठ्या बाया न ओळखता येणारे पदार्थ शोधत आणि आपल्याच पोरीला दम देत, 'बाहेर फोडलंस तर बघ!' चार वर्षांच्या पोरीला गुपित पोटात ठेवायला शिकवण्याची ही रीत मला आजही फार आवडते. वर्गात मुलांना अंदाज करायला शिकवताना मीही झाकलेला डबाच वापरत असे. शेवटच्या दिवशी सोळा खिरापती व्हायच्या. त्या एका घरानं करणं शक्यच नव्हतं, म्हणून आळीतल्या बायका वाटून घेत. कुणी वाटली डाळ, कुणी करंज्या, कुणी उकडलेल्या शेंगा.

आता त्या गाण्यांकडे येते. एका गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल येऊ दे. मग कारलं लागू दे, मग भाजी होऊ दे, मग जेवणं होऊ देत, मग उष्टी काढून भांडी घास. एवढं झालं की सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. आम्ही हे टाळ्या वाजवत म्हणायचो. कारल्याचा वेल पेरल्यापासून फळाला यायला दोनेक महिने लागतात, हे मला मोठेपणी परसात वेल लावल्यावर कळलं. तेवढे दिवस ती मुलगी रोज सकाळी उठून वेलाकडे बघत असणार.

दुसऱ्या गाण्यात रुसून बसलेल्या सुनेला न्यायला घरातलं एकेक माणूस येतं, काही ना काही दागिना देऊ करतं आणि ती एकामागून एकाला नाही म्हणते. तिसऱ्या गाण्यातला नवरा वेडा आहे. करंजी त्याला होडी वाटते, म्हणून तो ती पाण्यात सोडतो. लाडू त्याला चेंडू वाटतो. लहान मुलं इथे हसून लोळतात. शेवटी बायको झोपलेली दिसते, ती मेली असं समजून तो तिला जाळून टाकतो. इथेही आम्ही हसायचो. गाणं संपायचं आणि लगेच दुसरं सुरू व्हायचं.

पाच-सात वर्षांच्या मुलींच्या तोंडी ही गाणी का होती? उत्तर त्यांच्या वयातच आहे. आमच्या भागातलंच देवराष्ट्रे हे गाव घ्या. 1862 साली तिथे जन्मलेल्या रमाबाईंचं लग्न 1873 मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते आणि त्यांची पहिली पत्नी वारलेली होती. 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी त्यांना झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक 1880 मध्ये लग्न करून सासरी आल्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या, आणि तऱ्हेवाईक सासऱ्याच्या हाताखालचे दिवस त्यांनी सविस्तर लिहून ठेवले आहेत. त्या काळातल्या पाटाभोवतीच्या फेरात अनेक मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र असणारच. लग्न झालेलं, पण अजून न्हाण न आल्यामुळे माहेरी राहिलेली पोर त्या फेरात असायची, आणि सासरी गेलेली पोर शेजारणींबरोबर नव्या अंगणात असायची. सासू-नणंदेचं गाणं तिला ऐकीव कहाणी नव्हती. ते या वर्षी किंवा पुढच्या वर्षी तिच्यावर यायचं होतं, नाहीतर आलेलंच होतं.

माझ्या आजीचं लग्न 1930 च्या सुरुवातीला वाईत झालं, ती दहा वर्षांची असताना. त्या वेळी लग्नांची घाई उडाली होती. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा सारडा कायदा 1929 मध्ये मंजूर झाला होता आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार होता. त्याआधी उरकून घ्यावं म्हणून देशभर लहान मुलामुलींची लग्नं लावली गेली, त्यांत आजीही होती. ती सांगायची, 'लग्नात मला झोप आली होती, मामानं उचलून उभं केलं.' सासरी पहिल्या वर्षी हादग्याच्या दिवसांत तिला फेर धरायला अंगणात सोडलं. कारल्याचं गाणं आलं आणि तिला रडू फुटलं. बाकीच्या मुली थांबल्या नाहीत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या मुलीनं हात घट्ट धरले आणि फेर चालू राहिला. रडणारीला फेराबाहेर काढलं असतं, तर सासूनं कारण विचारलं असतं. आजीनं मला ही आठवण अनेकदा सांगितली आणि दर वेळी त्या दोन मुलींची नावं घेतली.

त्या आठवणीतून मला या खेळाचं खरं काम समजलं. सुनेनं घरात तोंड उघडायचं नाही, ही शिस्त होती. हादग्याचे सोळा दिवस संध्याकाळी तिला सासूच्याच अंगणात, सासूच्याच कानावर पडेल अशा आवाजात, सासूबद्दल सगळं म्हणता येत होतं, कारण ते गाणं होतं आणि समोर हत्तीची पूजा मांडली होती. शिवाय शेजारी अजून लग्न न झालेली पाच वर्षांची मुलगी तेच गाणं पाठ करत होती. म्हणजे एकीला बोलायला जागा मिळत होती आणि दुसरीला पुढे काय आहे ते आधीच कळत होतं. नवऱ्याच्या हातून बायको जळते हेही तिला कळत होतं. हसत कळत होतं, पण कळत होतं. आपल्या बायकांनी लिहिता-वाचता येत नसताना मुलींना दिलेली ही ताकीद होती, आणि ती मुलींपर्यंत पोहोचावी म्हणूनच तिला खिरापतीची गोडी लावली होती, असं मी मानते.

आजीच्याही आधी, रमाबाई-आनंदीबाईंच्याच काळात, काही जणी हे गाण्याबाहेरही बोलू लागल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. 1884 मध्ये नवऱ्यानं मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 मध्ये निकाल झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानं दहाची मर्यादा बारा केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद पेटला! लोकमान्य टिळकांसारखा मोठा माणूस त्या कायद्याच्या विरोधात उभा राहिला. मग मुलीच्या लग्नाचं किमान वय 1929 मध्ये चौदा, 1949 मध्ये पंधरा, 1978 मध्ये अठरा झालं. जोतीराव आणि सावित्रीबाईंची 1848 ची शाळा, 1884 ची हुजूरपागा, पुढे गावोगावच्या कन्याशाळा, यांनी मुलींना घरात थोडी जास्त वर्षं मिळवून दिली. कायद्यातला एकेक आकडा वर सरकला, तशी हादग्याच्या फेरातली मुलगी त्या गाण्यापासून एकेक पाऊल लांब गेली.

आमच्या घरात हे सरळ मोजता येतं. आजी दहाव्या वर्षी त्या गाण्यात जाऊन पडली. आईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. ती कारल्याचं गाणं म्हणायची तेव्हा आवाजात थोडा राग असायचा, पण रडू नव्हतं. मी बी.ए., डी.एड. करून तेविसाव्या वर्षी सासरी गेले आणि माहेरी जायला एसटीचं तिकीट तेवढं काढावं लागे. माझी नात आता पुण्यात सहा वर्षांची आहे. तिनं परवा मला विचारलं, 'आजी, ती सासूला सांगून का जाते? फोन करून सांगायचं ना!' या प्रश्नाला यायला चार पिढ्या लागल्या.

आता भोंडला बहुतेक ठिकाणी एका संध्याकाळचा झाला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट मांडतात, शाळा पटांगणावर फेर धरवतात, अमेरिकेतली मराठी मंडळं नवरात्रातला शनिवार-रविवार बघून हॉलमध्ये तो करतात. मुलगेही फेर धरतात, आणि ते चांगलंच आहे. खिरापतीच्या डब्यात पास्ता निघाला तरी माझी तक्रार नाही, ओळखायला तोही अवघडच असतो. एका गोष्टीनं मात्र मी अस्वस्थ होते. अलीकडे गाणी गाळून घेतात. कारल्याच्या गाण्यातली सासू प्रेमळ करतात, वेड्याच्या गाण्यातला शेवट कापतात. लहान मुलांसमोर असलं कशाला, असं आईबाप म्हणतात. त्यांची काळजी मला समजते, मीही आजी आहे.

पण ही गाणी लहान मुलांसमोर बायकांनी मुद्दाम ठेवली होती. ज्यांना पत्र लिहिता येत नव्हतं, कोर्टात जाता येत नव्हतं, आईला भेटायला दोन महिने थांबावं लागत होतं, त्यांनी आपला इतिहास सहा वर्षांच्या मुलींच्या स्वाधीन केला, कारण त्या तो विसरणार नाहीत याची त्यांना खात्री होती. मुली खरंच विसरल्या नाहीत. सरोजिनी बाबरांसारख्या संशोधक गावोगावची गाणी गोळा करू लागल्या तेव्हा ती कागदावर उतरली, पण त्याआधी कितीतरी पिढ्या ती पोरींच्या तोंडी टिकली होती. त्यातलं कडू काढून टाकायचा हक्क आपल्याला नाही. वेड्याचं गाणं पुरं म्हणावं, मुलांना हसू द्यावं, आणि मूल थांबून 'त्यानं तिला का जाळलं?' असं विचारील तेव्हा त्याला खाली बसवून खरं सांगावं. माझ्या नातीला मी तिच्या खापरपणजीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाची गोष्ट सांगितली आहे. हात धरणाऱ्या त्या दोन मुलींची नावंही सांगितली आहेत, आणि ती तिला पाठ आहेत.