सोपाऱ्याचे भिक्षापात्र

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने असे एकात एक करंडक निघाले. आणि सगळ्यात आत काय? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे, असे पंडितजींचे मत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ते जपले.

पात्र कोणाचे, हे तुकडे बोलत नाहीत. पण पात्र कसे सांभाळावे, हे विनयपिटक सांगते. ओले ठेवू नये, उन्हात फार वेळ ठेवू नये, काठावर ठेवू नये, हाती पात्र असता दार उघडू नये. सोन्याचा मान नंतरचा, बंधू-भगिनींनो. आधी रोजची निगा. भवानी पेठेत विहार झाडणाऱ्या हातांना हे वेगळे सांगायला नको.