काळा घोडा परिसर : वास्तुसंवर्धन आणि कलावंतांचा आश्रय

मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसरास ज्या अश्वारूढ पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली तेथून हलविण्यात आला. नाव मात्र लोकांनी सोडले नाही. परिसरास कलाक्षेत्राचे स्वरूप प्राप्त झाले ते प्रामुख्याने १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनामुळे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या दालनाने चित्रकारांना प्रदर्शनासाठी भिंती दिल्या. १९६४ पासून तेथील सामोवार उपाहारगृहाने त्यांना बसावयास जागा दिली. या दुसऱ्या आश्रयाची दखल अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी. कारण चित्र विकले जाण्यापूर्वीचे कित्येक महिने कलावंत चहा व समव्यावसायिकांची टीका यांवरच तग धरतो.

मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. १९९९ पासूनच्या कला महोत्सवामुळे परिसराच्या डागडुजीस निधी मिळू लागला, गर्दीही वाढली. तथापि सामोवार २०१५ मध्ये, तर जवळचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले. वारसा नियमावली वास्तूचे स्वरूप जपते. वास्तूत चालणारा व्यवसाय तिच्या कक्षेत येत नाही.