घाटावरचे पाणी

बालाघाट या नावातच चढण आहे. ‘घाटावरचा मुलूख’ असा त्याचा अर्थ. १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा घडविण्यात आला, आणि मुख्यालयाच्या बुऱ्हा या गावालाही पुढे जिल्ह्याचेच नाव मिळाले. नवल असे, की ते गाव, वारासिवनी आणि आपले लालबर्रा ही सारी घाटाखालची. नाव घाटावरचे आणि वस्ती मात्र खाली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पावसाळ्यात डोंगरकडेवरून उतरणारे पाणी.

बैहर-परसवाड्याच्या पठारावर पडणाऱ्या पावसाची निसर्गाने वाटणी केली आहे. बंजर नदी आपला वाटा मंडल्यापाशी नर्मदेला देते; खाली उतरणारे ओढे वैनगंगेला मिळतात आणि पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत जातात. पठाराची कड सोडताना त्यांचे धबधबे होतात. बालाघाटहून सुमारे १४ किलोमीटरवर, बैहरच्या वाटेवर असलेला गांगुलपारा त्यांपैकीच एक. तेथे घिसरी नाल्याचे पाणी तलावात साठवून आसपासच्या गावांच्या शेतीला दिले जाते.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत वैनगंगेच्या खोऱ्यात वस्ती वाढली. पोवारांना भोसल्यांच्या सैन्यातील चाकरीबद्दल येथे जमिनी मिळाल्या. भंडाऱ्याकडे कोहळ्यांनी तलाव बांधून नाव मिळविले. आपली मराठी कुटुंबेही कोणी चाकरीच्या, कोणी शेतीच्या निमित्ताने याच नदीच्या काठाने वर आली. पठार मात्र बराच काळ दूर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली, आणि त्यापूर्वी तो भाग ओसाड अरण्य होता, असे जुन्या इंग्रजी नोंदी सांगतात.

आयुष्यभर सरकारी कागद हाताळल्यामुळे ‘ओसाड’ या शब्दाचा अर्थ आम्हांला ठाऊक आहे. ज्या भूमीचा सारा वसूल होत नाही, ती ओसाड! तेथे गोंड व बैगा पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. बैग्यांची बेवर शेती नांगराविना चाले, म्हणून कागदावर तिला शेतीचे स्थान नव्हते. आज ज्या पायवाटांनी आपण धबधब्यापर्यंत जातो, त्या अशा लोकांच्या पावलांनी पडल्या आहेत. आपले पूर्वज त्यांवरून फार उशिरा चालले.

आणि आम्ही तर त्याहूनही उशिरा. नोकरीत असताना जीपमधून हा घाट शेकडो वेळा ओलांडला. पण गाडी थांबवून ओढ्याकाठाने वर चालत जावे, असे एकदाही सुचले नाही. निवृत्तीनंतर एका श्रावणात नातवाबरोबर गेलो. वाट लहानशीच; साग-बांबूच्या सावलीतून, ओल्या दगडांवरून जपून पावले टाकायची. धबधब्याचा आवाज आधी आला, दर्शन नंतर झाले. नातू हिंदी शाळेत शिकणारा. त्याने हिंदीतच विचारले, ‘‘आजोबा, हे पाणी जाते कुठे?’’

आम्ही सांगू लागलो : तलावात, शेतात, वैनगंगेत, मग भंडारा, मग पवनी, मग गोदावरी. सांगता सांगता लक्षात आले, की ज्या वाटेने आपली घराणी वर आली, त्याच वाटेने हे पाणी खाली जात आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशात राहिलो. नागपूर परराज्यातले झाले आणि घरातील मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरली. पाण्याने मात्र ती सीमा मानली नाही.

त्या दिवशी धबधब्याखाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी साचल्या होत्या. नातवाने न सांगता चार-पाच उचलल्या. आम्ही काही बोललो नाही. उपदेशापेक्षा पायपीट अधिक शिकविते.

वाचकांना विनंती एवढीच, की येत्या पावसाळ्यात घरातील मुलांना एखाद्या धबधब्यापर्यंत चालत न्यावे. स्थानिक माणूस सोबत घ्यावा. वर पाऊस झाला, की डोंगरी ओढा पाहता पाहता फुगतो, म्हणून पात्रात उतरू नये. आणि परतताना वैनगंगेची ही वाट मुलांना मराठीतून सांगावी. घराण्याचा इतिहास दप्तरात सापडेलच असे नाही. नदीकाठी तो अजून वाचता येतो.